‘सानादा मारू’: सेकिगाहाराची लढाई मिनिटभरात उरकली, हे पटतं का?

सह्याद्रीवेडा:
एनएचके या जपानी वाहिनीची, सानादा या सरदार घराण्यावरची २०१६ सालची ‘सानादा मारू’ ही मालिका बघतोय. ५० भाग आहेत, मी सेकिगाहारापर्यंत पोचलो आणि हिरमोड झाला. १६०० सालच्या ज्या लढाईने जपानवरचं तोकुगावा घराण्याचं अडीचशे वर्षांचं राज्य ठरलं, ती जेमतेम मिनिटभर! दोन आठवडे त्या भागाची वाट बघत होतो. शिवाय नायकाची बालमैत्रीण कीरी आजच्या कॉलेजातल्या मुलीसारखी बोलते. ऐतिहासिक मालिका म्हणून हिला चांगली म्हणायचं का? पुढे बघू की सोडू?

निहोंगो_मावशी:
सोडू नका हो. सेकिगाहाराच्या रणांगणावर त्या दिवशी सानादांपैकी कोणी नव्हतंच. बाप मासायुकी आणि धाकटा मुलगा नोबुशिगे तोकुगावांच्या विरुद्ध बाजूला, आपल्या उएदा किल्ल्यात होते. तोकुगावा हिदेतादाची सुमारे ३८,००० ची फौज त्यांनी तिथे खोळंबवली, इतकी की हिदेतादा मुख्य लढाईला वेळेवर पोचलाच नाही. इकडे आपण जिंकलो म्हणून घरात आनंद, आणि तेवढ्यात खबर येते की तिकडे आपली बाजू एका दिवसात बुडाली. त्यांना जेवढं कळलं तेवढंच लेखक मितानी कोकी आपल्याला दाखवतात. मला तर तो धक्का कुठल्याही घोडदळापेक्षा मोठा वाटला.

ही मालिका तोलायची तर लढाईआधीच्या, इनुबुशी गावातल्या भागावर तोला. बाप आणि दोन मुलगे एका खोलीत बसलेत. थोरल्या नोबुयुकीची बायको होंडा तादाकात्सुची मुलगी, म्हणजे सासर थेट तोकुगावांच्या गोटातलं. तोच म्हणतो, आपण दोन बाजूंना वाटले जाऊ, कुणीही जिंकलं तरी घराणं उरेल. आरडाओरडा नाही, तलवार नाही. मी जपानी शिकवते, हा प्रसंग वर्गात लावते, आणि दरवेळी वर्ग एकदम शांत होतो.

आणि नावाची गोष्ट लक्षात ठेवा. ‘नोबुयुकी’मधलं ‘युकी’ हे अक्षर बापाच्या नावातलं. बापाच्या बाजूच्या पराभवानंतर ते त्याला सोडावं लागतं. तो उच्चार तसाच ठेवतो, अक्षर बदलतो. हाक तीच ऐकू येते, कागदावर मात्र बाप गेलेला असतो. पुढे थोरल्याने टाकलेलं तेच अक्षर धाकटा उचलतो आणि ‘युकिमुरा’ होतो. (त्याच्या हयातीतल्या पत्रांत नाव नोबुशिगेच सापडतं. पण गोष्टींतलं नाव आणि पत्रांतलं नाव यांतली ही फट लेखकाने फार मायेने भरली आहे.)

घाटावरचा:
मावशी, लढाईचं पटलं, कीरीचं नाही. सुरुवातीचे दहा-बारा भाग ती तोंड उघडायची आणि माझं लक्ष उडायचं. बाकी मासायुकी झालेले कुसाकारी मासाओ म्हणजे कमाल! पहिल्याच भागात घरच्यांना धीर देतात, मी आहे तोवर ताकेदा, म्हणजे सानादांचे धनी, बुडणार नाहीत. बायका उठून गेल्यावर मुलांना म्हणतात, ताकेदा बुडणार. तिथेच मी अडकलो. त्यांच्या निशाणावरच्या सहा नाण्यांचा अर्थही तेव्हाच शोधला: मेल्यावर सांझू नदी ओलांडायचं भाडं. आजीच्या दिवसांत गोदान झालं होतं, तेव्हा गुरुजींनी वैतरणीचं सांगितलं होतं ते आठवलं.

निहोंगो_मावशी:
कीरीबद्दलची तक्रार रास्त आहे, सुरुवातीला मलाही खटकली. पण आजूबाजूचे सगळे मान राखून गप्प बसतात तेव्हा मनातलं तोंडावर बोलणारी ती एकटीच. शेवटी ओसाकाला तोकुगावांशी लढाई होते, त्या भागांत ते फळाला येतं.

सह्याद्रीवेडा:
मावशी, म्हणजे तुमच्या मते नायक नोबुशिगे नाही?

निहोंगो_मावशी:
नायक तोच. १६१५ मध्ये ओसाकाला जाऊन मरतो तो, गोष्टी त्याच्याच झाल्या. पण माझा जीव नोबुयुकीत अडकला. बाप आणि भाऊ वाचावेत म्हणून आर्जवं करणारा तो, आणि ज्या तोकुगावांनी त्यांना दूर कुदोयामा गावी हद्दपार केलं त्यांचीच चाकरी आयुष्यभर करणाराही तोच. नव्वदी ओलांडून जगला. तोकुगावांचं राज्य संपून मेइजी काळ येईपर्यंत घराणं टिकलं ते त्याच्यामुळे.

उएदाला गेले होते तेव्हा किल्ल्याच्या दरवाज्यापाशी उजव्या हाताला भिंतीतला दगड पाहिला, माणसाहून उंच. १६२२ मध्ये नोबुयुकीला उएदाहून मात्सुशिरोच्या जहागिरीवर पाठवलं, तेव्हा बापाची आठवण म्हणून तो हा दगड न्यायला गेला आणि दगड हलेना, अशी दंतकथा सांगतात. खरं तर आत्ताचं बांधकाम त्याच्यानंतर आलेल्या सेंगोकु तादामासाचं, त्यामुळे इतिहास म्हणून ती टिकायची नाही. तरी हात लावला. गार होता, एका कडेला शेवाळ. बराच वेळ हात काढवला नाही.

शेवटच्या भागात ओसाका संपल्यावर टीव्ही बंद करू नका. नोबुयुकीच्या मुठीत काय आहे ते बघा.