अनुभव धागा: गावाकडच्या छोट्या हायस्कूलमध्ये जान कशी आणता?

खडू_डस्टर (धागाकर्ती)

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथून सकाळी सांवेर, देपालपूर, बेटमा, महूकडच्या गाड्या पकडणारे मराठी शिक्षक इंदुरात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा धागा. डोळ्यांपुढे शाळा अशी धरा: शासकीय हायस्कूल, नववी-दहावी मिळून 110-120 मुलं, पाच खोल्या, चार-पाच शिक्षक आणि त्यातले निम्मे अतिथी, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीचे. बरीच मुलं आसपासच्या गावांतून सायकलीवर येतात. 'ही आपली शाळा' असं त्यांना वाटावं म्हणून काय करता, ते लिहा. आठवणी आणि कौतुकं इथे नकोत. मापं, प्रमाण, क्रम आणि कुठे फसतं, एवढंच.

सुरुवात मीच करते. शहरी शाळांचं बघून चार हाऊस, म्हणजे स्पर्धांसाठीची दलं, पाडू नका. 112 मुलांचे चार भाग केले तर प्रत्येकी 28, त्यात मुली बारा-तेरा. खो-खोला मैदानात नऊ लागतात. दोघी गैरहजर, दोघी-तिघी न खेळणाऱ्या, की संघ मोडला. तीन दलं पुरतात. वाटणी गावावार मुळीच करायची नाही, नाहीतर बांधावरची भांडणं कबड्डीच्या मैदानात येतात. हजेरी क्रमांकाला तीनने भागायचं. बाकी शून्य, एक किंवा दोन, त्यावरून दल. भावंडं मात्र एकाच दलात, कारण सायकल दोघांत एकच असते आणि सरावाला एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावं लागतं. नावं नद्यांची द्या: क्षिप्रा, चंबळ, गंभीर. चंबळ महूजवळच्या जानापावात उगम पावते, हे माहीत नसलेली मुलं तिच्या खोऱ्यात राहतात!

गुण फक्त जिंकण्याचे ठेवले तर दिवाळीपर्यंत एक दल इतकं पुढे जातं की बाकीची दोन हात टेकतात. म्हणून भाग घेतल्याचा एक, हजेरीचे आठवड्याला पाच, आणि सत्राअखेर पाटी पुन्हा कोरी.

पीटीचा_तास

आधी कॅलेंडर, मग उत्साह. माळव्यात सप्टेंबरच्या मध्यापासून सोयाबीन काढणी सुरू होते आणि हजेरी ओसरते. ती ऑक्टोबरअखेरपर्यंत सावरत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात अर्धवार्षिक परीक्षा. बोर्ड फेब्रुवारीत येतं, म्हणजे जानेवारीच्या मध्यानंतर दहावीची मुलं हाताशी नसतात. स्नेहसंमेलन आणि क्रीडादिनासाठी उरतो डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा. त्यातही 12 जानेवारीला सामूहिक सूर्यनमस्कार असतात. त्याच दिवशी क्रीडादिनाचं उद्घाटन उरकलं तर मुलांना दोनदा रांगेत उभं करावं लागत नाही.

सराव शाळा सुटल्यावर ठेवू नका. साडेचारनंतर मुली थांबू शकत नाहीत, आणि तुम्ही हट्ट धरलात तर पुढच्या वर्षी त्यांचं नाव खेळात येत नाही. प्रार्थनेआधीची वीस मिनिटं किंवा शेवटचा तास. दुसरी वेळ नाही.

सांवेर_रोड

मैदानाबद्दल लिहितो. आपली जमीन काळी: पावसात पायाला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. आणि ब्लॉक स्तराचे सामने नेमके पावसाळ्यात.

खो-खोचं मैदान 27 × 16 मीटर. खांब जमिनीवर 120 ते 125 सेंटिमीटर, जाडी 9 ते 10 सेंटिमीटर. काळ्या मातीत खांब नुसता गाडला तर पहिल्या पावसातच कलतो, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. दोन-अडीच फूट खोल, दीड फूट रुंद खड्डा घ्या. तळाला दगडांचे तुकडे, मग मुरूम, दर सहा इंचांनी पाणी मारून ठोकायचा. खड्ड्यातली काळी माती परत आत टाकायची नाही. मधल्या पट्टीवर, जिथे गडी बसतात आणि वळतात, तिथे चार इंच माती खरवडून मुरूम घाला. बाकी मैदान तसंच राहिलं तरी चालतं. मुरूम चाळून घ्या, नाहीतर गुडघे फुटतात. खांबाला खिळे, सालपटं राहिली का ते हात फिरवून बघा. घासायला साधा पॉलिश पेपर पुरतो.

कबड्डीला मुलांसाठी 13 × 10 आणि मुलींसाठी 12 × 8. एकाच जागी दोन्ही आखायची तर मुलांचं चुन्यानं आणि मुलींचं गेरूनं. नाहीतर चढाई करणाऱ्याला कुठली रेघ आपली हेच कळत नाही. पंचांनाही कळत नाही, ते सोडा.

देपालपूरकर

200 मीटरचा ट्रॅक आखायला ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी हिशेब. दोन सरळ बाजू 40-40 मीटर, म्हणजे 80. उरलेले 120 दोन अर्धवर्तुळांत. 120 भागिले 6.2832 म्हणजे 19.10 मीटर त्रिज्या, पण ही धावणाऱ्याच्या वाटेची. रेघ त्याहून 30 सेंटिमीटर आत, म्हणजे 18.80 वर. लेनची रुंदी 1.22. चार लेनला जागा साधारण 90 × 50 मीटर लागते.

काटकोन दोरीनं काढा: बारा मीटरच्या दोरीचा फास करून तीन, चार आणि पाच मीटरच्या बाजू पडतील अशा गाठी मारा, तिघांनी गाठींवर ताणून धरली की झालं. मध्यबिंदूवर लोखंडी खुंटी ठोका. लाकडी खुंटी ताणाखाली हलते आणि अर्धवर्तुळाची दोन टोकं सरळ बाजूंना भेटत नाहीत. नायलॉनची दोरीही नको. ती ताणली की लांबते, त्रिज्या वीत-वीत चुकते. स्टीलची टेप नसेल तर बांधकामावरच्या गवंड्याकडून तारेचा तुकडा आणा.

लंगडी_घालू_या

देपालपूरकर, एक दुरुस्ती. 30 सेंटिमीटर हे आतली कड उंच असेल तेव्हाचं. आपल्याकडे नुसती चुन्याची रेघ, मग 20 सेंटिमीटर धरायचे, म्हणजे रेघ 18.90 वर. याचा फायदा असा की स्टॅगर (बाहेरच्या लेनला सुरुवातीलाच पुढे उभं करायचं अंतर) सगळ्या लेनना सारखा वाढतो: दुसरी लेन 7.67 मीटर पुढे, तिसरी 15.33, चौथी 23.00. तुमच्या पद्धतीत दुसरी 7.04 येते आणि पुढच्या दरवेळी 7.67 नं वाढतात. घोटाळा होतो तो दोन्ही पद्धती मिसळल्यावर: कुणी 18.80 वर रेघ मारतं आणि स्टॅगर 7.67 चा घेतं.

चुना किती लागेल? पाच रेघा मिळून साधारण 1070 मीटर होतात. आधी दहा मीटर ओढा, लागलेला चुना तोला, 107 नं गुणा. चुना विझवलेलाच घ्या. कळीचा चुना डोळ्यात गेला तर इजा होते, आणि ओल्या गवतावर तो मुलींच्या पायांना भाजतो.

खडू_डस्टर

आणि 100 मीटरची शर्यत?

लंगडी_घालू_या

या जागेत नाही. 90 × 50 चा कर्ण जेमतेम 103 मीटर, म्हणजे शेवटच्या रेघेनंतर थांबायला तीनच मीटर. पोरगं थेट भिंतीवर. 60 मीटर ठेवा, किंवा खळ्याकडचा सपाट कच्चा रस्ता तासाभरासाठी अडवा आणि शेवटी पंधरा मीटर मोकळे सोडा.

अतिथी_तास

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं: 31 ते 100 ला 25,000, त्यावर 250 पर्यंत 50,000. म्हणजे 98 चा पट आणि 104 चा पट यांत दुप्पट फरक. यातला किमान 10 टक्के खर्च स्वच्छतेवर करावा लागतो. खेळासाठी वेगळे, हायस्कूलला 25,000 पर्यंत. ते मार्चमध्ये घाईनं कॅरम आणि प्लास्टिकच्या बॅटीत उडवू नका. जाळी, चेंडू, टेप, शिट्ट्या आणि प्रथमोपचार पेटी जुलैआधी आली पाहिजे. ठराव शाळा प्रबंधन व विकास समितीच्या बैठकीत घ्यायचा, आणि रजिस्टरवर सह्या त्याच दिवशी. नंतर सह्यांसाठी शेताशेतानं फिरावं लागतं.

महू_लोकल

स्टेज. तंबूवाल्याचा मंच महाग पडत असेल तर दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या. एक ट्रॉली साधारण दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद. दोन शेजारी लावल्या की 10 × 12 चा मंच, आठ मुलींच्या नाचाला पुरेसा.

क्रम असा: आधी जमीन बघा, ओलसर असेल तर चाकांखाली फळ्या. दोन्ही ट्रॉल्यांच्या आतल्या आणि प्रेक्षकांकडच्या फळ्या उघडून खाली पाडायच्या, बाकीच्या तशाच ठेवायच्या, म्हणजे मागे आणि बाजूला आपोआप कठडा. चाकांना दोन्हीकडून दगड. पुढचा दांडा जॅकवर ठेवून भागत नाही, कारण नाच सुरू झाला की मंच पुढे-मागे डुलतो. दांड्याखाली आणि मागच्या टोकाखालीसुद्धा विटांची थप्पी किंवा लाकडी ओंडके, घट्ट. मग दोन्ही ट्रॉल्या साखळीनं एकमेकींना बांधा. मधल्या फटीवर 18 मिलिमीटरचा प्लाय, खिळे नव्हे तर स्क्रू, आणि वर सतरंजी ताणून बांधलेली. नुसती अंथरलेली सतरंजी सरकते आणि पोरगी पडते. चढायला सोयाबीनची पोती रचू नका, पायाखाली घरंगळतात. शाळेतली बाकं लावा आणि बाजूला एक माणूस उभा ठेवा.

कार्यक्रम सकाळी अकराला. संध्याकाळी ठेवला की लाइट, जनरेटर, किडे आणि मुलींना घरी पोचवणं, सगळंच अंगावर येतं. माइक स्पीकरच्या पुढे गेला की शिट्टी वाजते, म्हणून स्पीकर मंचाच्या पुढच्या कडेपेक्षा पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. मुख्य पाहुण्यांचं भाषण दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, शेवटी नको. बक्षिसं शेवटी. उलटं केलं तर बक्षिसं घेतलेली मुलं आणि त्यांचे आईबाप उठून जातात.

गुलबाशी

मुलींच्या बाजूचं कुणी लिहिलेलं दिसत नाही. सामन्यांना जाताना गाडीत दोन जाड चादरी आणि डझनभर चिमटे ठेवा. कपडे बदलायला खोली मिळेलच असं नाही. सॅनिटरी पॅडच्या डब्याची चावी ऑफिसात नको, मुलींच्या कप्तानाकडे द्या. चावी सरांकडे मागावी लागली तर मुलगी सरळ घरी जाते आणि त्या महिन्यातले चार दिवस शाळा बुडते.

पितृपक्षात संजा घाला, म्हणजे भिंतीवर शेणाची आणि फुलांची चित्रं. माळव्यातल्या मुलींना येतेच, शिकवावी लागत नाही. कुंपणाच्या भिंतीवर प्रत्येक दलाला तीन × तीन फुटांचा चौकोन. ताजं शेण थोडी माती घालून मळायचं. नुसतं शेण वाळलं की तडकून पडतं. फुलांच्या पाकळ्या शेण ओलं असतानाच दाबायच्या. चित्र तिथीप्रमाणे: चतुर्थीला चौपड (सोंगट्यांचा पट), पंचमीला पाच कुंवारे (कुमार), सप्तमीला सातिया (स्वस्तिक), शेवटी किलाकोट (किल्ला). मुलांना बाहेर ठेवू नका: शेण आणणं, भिंत सारवणं त्यांच्याकडे. पाऊस आला तर वर प्लास्टिकचा कागद लागतो, तो आधीच बांधून ठेवा.

पीटीचा_तास

झेंड्याची गाठ, ही दरवर्षीची फजिती. 15 ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा. 26 जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, फक्त उलगडायचा. फजिती 26 जानेवारीलाच होते. घडी घालण्यापूर्वी केशरी बाजू गुल्लीच्या (झेंड्याच्या वरच्या टोकाला असलेल्या लाकडी अडकणीच्या) टोकाकडे आहे ना ते दोघांनी तपासा. लांबीत चार घड्या, मग मोकळ्या टोकाकडून दोरीच्या दिशेनं गुंडाळत या, पाकळ्या मूठभर आणि कोरड्या. ओल्या पाकळ्यांचा गोळा होतो, वर कापडाला डाग. दोरीचे दोनच वेढे आणि सरकगाठ. तिसरा वेढा घेतला की गाठ अडकते आणि सगळं गाव वर बघत उभं. सुती दोरी दवानं फुगते आणि कप्पीत बसते, 6 मिलिमीटरची नायलॉन घ्या. आदल्या दिवशी फळा पुसायच्या कापडावर तीनदा करून बघा.

जीरावण

क्रीडादिनाचे पोहे. मध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच, म्हणून हायस्कूलच्या मुलांचं आपल्यालाच बघावं लागतं. 120 जणांना: जाड पोहे साडेसात किलो, कांदा तीन किलो, मिरची 300 ग्रॅम, तेल पाऊण लिटर, मीठ 150 ग्रॅम, साखर 400, हळद 40, बडीशेप 100, शेव दोन किलो, जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) 150 ग्रॅम, लिंबं चाळीस. पोहे दोन-दोन किलोच्या घाण्यात भिजवा, एकदम सगळे भिजवले तर तळचे लगदा होतात. मीठ, साखर, हळद भिजलेल्या पोह्यांनाच चोळायची, फोडणीत नाही. वाफ उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात, वरून झाकण. शेव वाढतानाच, जीरावणही. आणि पहिली पंगत धावणाऱ्यांची नव्हे, ती शर्यतीनंतर.

अतिथी_तास

निवडीबद्दल एक राहिलं. वय 31 डिसेंबरला मोजलं जातं, आणि स्कॉलर रजिस्टर (शाळेचं प्रवेश रजिस्टर), आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) यांतली जन्मतारीख जुळली नाही तर चांगला खेळाडू दारातून परत येतो. जूनमध्ये नववीचा प्रवेश देतानाच तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. आईच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा.

सांवेर_रोड

सायकलींचं मी पुरं करतो. नववीत सरकारकडून मिळते ती 20 इंची, गावात हायस्कूल नसेल आणि अंतर दोन किलोमीटरच्या वर असेल त्यांना. वाटपानंतर आठवड्याभरात सगळ्यांचे हँडल, ब्रेक आणि मागच्या चाकाचे नट पान्यानं आवळून घ्या, नव्या सायकलींचे हमखास ढिले असतात. शाळेत पंप, पाने आणि पंक्चरचं सामान ठेवा. दर शनिवारी एका दलाची पाळी. आपल्याकडे बाभळीचा काटा टायरमध्ये राहून जातो आणि ठिगळ लावलेली ट्यूब पुन्हा तिथेच फुटते, म्हणून ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा. काटा असला तर फडकं अडकतं. सोल्यूशन लावून चार-पाच मिनिटं वाळू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ. घाई केली तर कडेनं हवा जाते.