डिप्लॉयमेंटचा अहवाल: क्वेरी लिहावी की सीएसव्ही उतरवावी?

खराडीकर: काल येथे एका सदस्याने लिहिले की, "डिप्लॉयमेंटच्या अहवालासाठी एपीआयची क्वेरी लिहीत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, पोर्टलवरून सीएसव्ही उतरवावी, पिव्हट लावावा आणि घरी जावे." हे वाचून राहवले नाही. नवख्यांसाठी: डिप्लॉयमेंट म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणे, एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागवण्याची सोय, क्वेरी म्हणजे ती लेखी मागणी, सीएसव्ही म्हणजे तक्त्याची साधी फाइल आणि पिव्हट म्हणजे एक्सेलमधील गोषवारा. दर सोमवारी हाताने फाइल उतरवणाऱ्याला मागच्या वेळी कोणता फिल्टर लावला होता हे आठवत नाही आणि दोन टीमचे आकडे जुळले नाहीत की बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहतात. क्वेरीत एन्व्हायर्नमेंट (सॉफ्टवेअर चालते ती जागा, चाचणीची की प्रत्यक्ष वापराची) कोणते आणि तारीख कुठपासून हे लिहिलेलेच असते, त्यामुळे ती दुसऱ्याला तपासता येते.

पिव्हटप्रेमी: तो सदस्य मीच. आमच्याकडेही असेच एक हुशार गृहस्थ होते. त्यांनी गिटहबवरून (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून) डिप्लॉयमेंट मागवणारी क्वेरी लिहिली आणि सलग तीन महिने आमची टीम महिन्याला बरोबर ३० डिप्लॉयमेंट करते, असा अहवाल वर जात राहिला. एका पानावर मुळात ३० नोंदी येतात, मागून घेतल्या तरी १०० च्या पुढे जात नाहीत आणि पुढच्या पानाचा पत्ता उत्तरासोबत येणाऱ्या 'लिंक हेडर' या ओळीत असतो, हे त्यांच्या गावीही नव्हते. सर्व्हरने २००, म्हणजे 'सर्व ठीक', असे उत्तर दिले, म्हणून कोणाला शंका आली नाही. उत्तरे मात्र मला द्यावी लागली.

खराडीकर: नाचता येईना अंगण वाकडे. पान उलटायचे राहिले, यात एपीआयचा काय दोष?

रात्रपाळी: आपण दोघेही पानांवरून भांडत आहात, खरा घोळ वेळेचा आहे. आमचे रिलीज मध्यरात्रीनंतर होतात आणि एपीआय वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत देते, त्यामुळे पहाटे साडेपाचपूर्वीचे सारे काही आदल्या दिवसाच्या नावावर जमा होते. शुक्रवारी रिलीज करायचे नाही असा आमच्याकडे नियम आहे. मी शुक्रवारची मध्यरात्र उलटल्यावर, शनिवारी १ वाजता केलेले रिलीज अहवालात शुक्रवार, १९:३० असे उमटले आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. दोन वर्षे झाली, तरी तो विसरलेलो नाही.

खराडीकर: क्वेरीतील तारखेला +०५:३० जोडावे, प्रश्न मिटतो.

रात्रपाळी: जोडून पाहिले आहे, उपदेश नको. यूआरएलमध्ये (वेबपत्त्यात) अधिकचे चिन्ह तसेच ठेवले की सर्व्हर सहसा ते रिकामी जागा म्हणून वाचतो. तेथे %२बी लिहावे लागते. हे कळेपर्यंत माझी एक अख्खी रात्र गेली. शिवाय त्याने फक्त गाळणी बदलते. उत्तरातील वेळ यूटीसीच राहते, ती आपल्यालाच फिरवावी लागते.

पिव्हटप्रेमी: आमच्या सीएसव्हीला अशी चिन्हे लागत नाहीत, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

रात्रपाळी: आपली एक्सेल ०४/०५ ला कधी ४ मे म्हणते, कधी ५ एप्रिल. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर आपल्या पिव्हटमध्ये रिलीज महिनाभर आधी होऊन जाते. त्यावरही नम्रपणे काही नमूद करावे.

पाषाणची टेस्टर: तारखांच्या या युद्धात 'यशस्वी' कशाला म्हणायचे हे कोणीच विचारले नाही. गिटहबवर स्टेजिंगसारख्या (प्रत्यक्ष वापराआधीच्या चाचणीच्या) एन्व्हायर्नमेंटवर नवे डिप्लॉयमेंट यशस्वी झाले की, वेगळे सांगितले नसेल तर, तेथील आधीची डिप्लॉयमेंट्स 'इनॅक्टिव्ह' (निष्क्रिय) होतात. फक्त शेवटची स्थिती मोजणाऱ्या अहवालात मग एकच यशस्वी उरते आणि आम्ही टेस्टर महिनाभर काय करत होतो, असा प्रश्न येतो. प्रत्येक डिप्लॉयमेंटच्या स्थितींचा इतिहास वेगळा मागवावा लागतो.

पिव्हटप्रेमी: म्हणजे हजार डिप्लॉयमेंटसाठी आणखी हजार विनंत्या, आणि मर्यादा ताशी ५,००० ची. पाच टीमचा अहवाल काढायचा तर चहा पिऊन परत यावे.

खराडीकर: ग्राफक्यूएलमध्ये (गिटहबच्या दुसऱ्या प्रकारच्या एपीआयमध्ये) डिप्लॉयमेंट आणि त्याच्या स्थिती एकाच विनंतीत येतात. मात्र 'इनॅक्टिव्ह'चा मुद्दा मान्य; माझ्या क्वेरीतही ती चूक आहे, आताच पाहिले.

पिव्हटप्रेमी: सूर्य पश्चिमेला उगवला! ठीक आहे, क्वेरी लिहावी; पण नोंदींची एकूण संख्या पोर्टलवरील आकड्याशेजारी मांडावी. ते दोन आकडे सलग तीन सोमवार जुळले, तर पिव्हट सोडण्याचा विचार करीन.

रात्रपाळी: सोमवार कोणता धरणार, आपला की यूटीसीचा?