तोरिनोत येऊन पाच आठवडे झाले, दिवसाचं गणित अजून बसत नाही

चौथा_मजला

नमस्कार. सप्टेंबरच्या सुरुवातीला इटलीतल्या तोरिनोत (ट्यूरिन) आले, पोलितेक्निकोत, म्हणजे इथल्या तंत्रविद्यापीठात, मास्टर्सला. अभ्यासाचं जमतंय, त्याबद्दल विचारत नाहीये. कोदिचे फिस्काले, म्हणजे इथला कर-क्रमांक, मिळाला. पेर्मेस्सोचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, अर्जाचं किट आठ कामाच्या दिवसांच्या आत पोस्टात भरलं, 16 युरोचा मार्का दा बोल्लो (सरकारी मुद्रांक) तबाक्कीतून, म्हणजे तंबाखूच्या दुकानातून, आणून चिकटवला, पावती जपून ठेवली आहे. म्हणजे मोठी कामं झाली. अडतंय ते बारीकसारीक गोष्टींत. इतक्या बारक्या, की आईला फोनवर सांगायलाही लाज वाटते.

परवाचंच सांगते. संध्याकाळी वॉशिंग मशीन लावलं, इंडक्शनवर भात ठेवला आणि केस ओले म्हणून ड्रायर सुरू केला. खट्कन अंधार. घरातल्या बोर्डावरचे सगळे खटके वरच होते. रूममेट गावाला गेलेली. मोबाइलच्या उजेडात चार मजले उतरून तळघरात गेले तर भिंतीवर मीटरच मीटर, एकावरही नाव नाही. आपला कुठला कसा कळणार? वीस मिनिटं नुसती उभी होते. मग पहिल्या मजल्यावरच्या आजी कचरा टाकायला आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं आणि बोटाने दाखवलं: एकच खटका खाली पडला होता. तो मला का दिसला नाही, देव जाणे. वर आले तर भात निम्मा कच्चा, निम्मा लगदा.

त्याच्या आदल्या दिवशी सुपरमार्केटमध्ये टोमॅटो हातात घेऊन दाबून बघत होते. मागून एक बाई ओरडल्याच, "सिन्योरीना, इ ग्वान्ती!" सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. ग्वान्ती म्हणजे हातमोजे, हे घरी येऊन शोधल्यावर कळलं. आणि कोथिंबीर म्हणून हौसेने जुडी आणली, ती निघाली प्रेत्सेमोलो, म्हणजे पार्सली. आमटीला गवताचा वास.

बँकेचं कार्ड तीन आठवडे झाले आलेलं नाही. बँक म्हणते पाठवलं. खोलीतला लोखंडी हीटर गार पडलाय, घरमालक म्हणतात "अजून नाही". अजून नाही म्हणजे काय? पैसे वाचवतायत का? दुपारी दीड वाजता लेक्चर संपवून कोपऱ्यावरच्या दुकानात जावं तर शटर खाली. तुम्हा लोकांना हे सगळं अंगवळणी पडायला किती दिवस लागले?

पो_काठचा

अगं, टपालपेटीवर तुझं नाव लावलंस का? आधी ते बघ, मग बाकीचं. इथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघतो. पेटीवर आणि खालच्या बेलवर आडनाव नसेल तर पाकीट आलं तसं परत जातं, आणि कुणी तुला सांगतही नाही. माझं असंच विद्यापीठाचं पत्र दोनदा परत गेलं होतं. घरमालकाला विचार आणि आजच चिकटपट्टी लाव.

विजेचं: घरगुती जोडणी बहुतेक 3 किलोवॅटची असते. इंडक्शन एकटंच दोनच्या आसपास खातं, मशीन पाणी तापवताना तेवढंच, वर तुझा ड्रायर. एका नळाला तीन बादल्या लावल्यावर दुसरं काय होणार! आमच्या घरात नियम आहे, मशीन लावणाऱ्याने स्वयंपाकघरात येऊन मोठ्याने सांगायचं.

हीटरबद्दल मात्र घरमालकाला शिव्या देऊ नकोस, यात बिचाऱ्याचा दोष नाही. इमारतीचा बॉयलर कधी पेटवायचा हे कायद्याने ठरलेलं आहे. देशाचे हवामानाप्रमाणे विभाग पाडलेत. तोरिनो ई विभागात येतं, मिलान आणि बोलोन्याही. इथे 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त 14 तास. तोवर स्वेटर. मी पहिल्या वर्षी रुसून छोटा विजेचा हीटर आणला आणि मग मीही तळघरात.

दुकानांचं एवढंच, की लहान दुकानं साडेबारा-एकला बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. भाजी सकाळीच आणायची सवय लाव. पोर्ता पालात्सोचा बाजार माहीत आहे ना? पियात्सा देल्ला रेपुब्लिकात भरतो, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या बाजारांत गणला जातो. इतर दिवशी दुपारपर्यंतच, शनिवारी मात्र संध्याकाळपर्यंत चालतो. खरी कोथिंबीर तिथे मिळते, भेंडीसुद्धा. फक्त तिथे माल स्वतः चिवडायचा नाही. विक्रेत्याला सांगायचं, तो निवडून देतो. आज खायला की उद्या, एवढं त्याला सांगितलं की तो तसेच टोमॅटो काढतो. सुपरमार्केटात हातमोजे, बाजारात जीभ.

बोलोन्याची_मावशी

माझी बारा वर्षं झाली इथे, तरी ती ग्वान्तीवाली बाई मलाही अधूनमधून भेटते. मनाला लावून घेऊ नकोस बाळा.

पोळ्यांचं तू लिहिलं नाहीस पण लवकरच लिहिशील. इथली साधी फारीना म्हणजे आपला मैदा. त्याच्या पोळ्या थंड झाल्या की चामडं. दुकानात "सेमोला रिमाचिनाता" बघ, पिवळसर बारीक पीठ, दुरुम गव्हाचं. ते निम्मं आणि "इंतेग्राले", म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, निम्मं, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेव. बेसनाला फारीना दी चेची म्हणतात, कुठेही मिळतं. आणि तोरिनोत असून अजून फारिनाता खाल्ली नसलीस तर आधी जा! जुन्या पिझ्झेरियांत मिळते. बेसन, पाणी, तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या थाळीत भट्टीत भाजलेलं. जाडसर धिरडंच गं. वरून मिरपूड. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी दुकानातच डोळे पुसले, आणि नवरा म्हणाला मिरी जास्त झाली का.

एक शब्द शिकून ठेव, तुला आधीच येतो: पेर्मेस्सो. तुझ्या कागदाचं नाव आहे तेच, अर्थ परवानगी. कुणाच्या घरात पाऊल ठेवताना उंबऱ्यावर म्हणायचं, "पेर्मेस्सो?" बसमध्ये गर्दीतून दाराकडे जाताना पण तेच. आणि अनोळखी मोठ्या माणसांना चाओ नको. बुओंजोर्नो, नाहीतर साल्वे. आजींना तर नक्कीच नको.

ट्रॅम_नंबर_चार

वरच्यांनी घरातलं सांगितलं, मी कागदातलं दोन ओळींत सांगतो, कारण मी स्वतः पोळलोय. सरकारी आरोग्यसेवेत ऐच्छिक नोंदणी करणार असशील तर 2024 पासून विद्यार्थ्यांना वर्षाला 700 युरो पडतात (आधी दीडशेच्या आत होतं). आणि ते वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. ऑक्टोबरात भरलेस तरी डिसेंबरात संपणार. म्हणून आमच्यातले बरेच जण पहिले महिने खाजगी विम्यावर काढून जानेवारीत नोंदणी करतात.

दुसरं, पेर्मेस्सोची नुसती पावती हातात असताना आणि व्हिसा संपलेला असताना घरी जायचं झालं तर फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे तिकीट काढू नकोस. शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांतल्या, दुसऱ्या देशातून जाता येत नाही. थेट विमान, नाहीतर दुबई-दोहामार्गे. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून मी काढलं होतं, ते पैसे गेलेच.

चौथा_मजला

सगळ्यांना मनापासून थँक्यू. खाली जाऊन बघितलं तर पेटीवर फक्त घरमालकांचं आडनाव! चिकटपट्टीवर माझं लिहून लावलं. माझ्या आडनावात ळ आहे. आजी शेजारी उभ्या राहून ते वाचायला लागल्या, मी ळ म्हणून दाखवला, त्यांनी जीभ उलटी करून चार वेळा प्रयत्न केला आणि शेवटी हसून हात झटकले. आता त्या मला आडनाव गाळून "इंजेन्येरे" म्हणतात. डिग्री मिळायला दोन वर्षं आहेत हे सांगण्याइतकं इटालियन मला येत नाही.

त्यांच्याकडे मीटर दाखवल्याबद्दल फारिनाताचा तुकडा घेऊन गेले होते. उंबऱ्यावर पेर्मेस्सो म्हटलं. आतून "आवान्ती, आवान्ती" (ये, ये) असा आवाज आला आणि पुढचा दीड तास मला फक्त "सी", म्हणजे हो, म्हणता आलं. दोनदा चुकीच्या जागी म्हटलं असणार, कारण माझ्या पिशवीत आता त्यांच्याकडचे दोन किलो सफरचंद आहेत.

कार्ड कालच आलं. आणि 15 तारखेला हीटर खरंच सुरू झाला, पहाटे. रात्री तो बंद होतो तेव्हा पाइप निवताना टक्-टक् वाजतो. पहिल्या रात्री मी उठून दार उघडलं होतं.