बिडी सोडल्यापासून भाऊ दिवसभर झोपतोय, क्लोझापिन जास्त होतंय का?

सिडकोचा_दादा
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आधीच्या दोन औषधांनी कानातले आवाज हटेनात, म्हणून गेल्या वर्षी डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं. १२.५ मिलीग्रॅमपासून चढवत आता रात्री ३०० वर आहे. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, पण तो त्यांच्याशी भांडत बसत नाही. सकाळी पिशवी घेऊन दूध आणतो. आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

आम्ही मूळचे सिन्नरचे, त्यामुळे बिडीचं सांगायला नको. रोज एक कट्टा तरी संपायचा. श्रावण लागला, आईने शपथ घातली आणि गड्याने खरंच सोडली. सगळे खूश. पण आता त्याला सकाळी हलवून उठवावं लागतं. जीभ जड झालीय, उभा राहिला की झोक जातो. लाळ आधीही गळायची, आता उशी भिजते. नुकतीच सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी केली, पांढऱ्या पेशी नॉर्मल. पुढची तारीख महिनाअखेरची आहे. तोवर गोळी अर्धी करू का? आई म्हणते, अंगातलं विष निघतंय. मला पटत नाही, पण आईशी वाद कोण घालणार.

पंचवटी_मेडिकल
संबंध आहे आणि थेट आहे. बिडीच्या धुरामुळे लिव्हरमधलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम जोरात चालतं आणि क्लोझापिनचा लवकर निकाल लावतं. धूर थांबला की आठवडाभरात ते मंदावतं, आणि त्याच ३०० मिलीग्रॅमने रक्तातलं प्रमाण दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतं. हे निकोटिनचं काम नाही, धुराचं आहे. तंबाखू मळून खाणाऱ्यात हा परिणाम होत नाही.

सीबीसी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत राहू नका. ती क्लोझापिनने न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी होतात का ते पाहण्यासाठी. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यापायी रुग्ण दगावले होते, म्हणून ती चुकवायचीही नाही. पण औषध किती साठलंय हे त्यात दिसत नाही. त्यासाठी क्लोझापिन लेव्हल ही वेगळी तपासणी असते, शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी रक्त देतात.

प्रमाण फार वाढलं तर फिट येऊ शकते. म्हणून महिनाअखेर नको, आजच डॉक्टरांना फोन करा. गोळी स्वतःच्या मनाने अर्धी नको आणि एकदम बंद तर मुळीच नको. उठवूनही उठला नाही, फिट आली किंवा श्वास जड वाटला तर फोन करत बसू नका, सरळ १०८.

नाशिकरोडची_मावशी
त्याचं पोट साफ होतंय का? हे कुणी विचारतच नाही. माझा लेक कैक वर्षं याच गोळीवर आहे. क्लोझापिनने आतडी सुस्तावतात, बद्धकोष्ठ वाढत जाऊन आतडं बंद पडतं, त्यात माणसं गेलीत. त्यात उपासाला साबुदाणा, म्हणजे झालंच! पोट फुगलं, उलटी झाली तर इसबगोल देत बसू नका, दवाखाना गाठा.

ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी सीबीसी. आणि गोळी दोन दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा थेट ३०० द्यायची नाही, डॉक्टर १२.५ पासून सुरू करतात. वणीला जाताना मी गोळ्या पर्समध्ये ठेवते, बॅगेत नाही.

सिडकोचा_दादा
दोघांचे आभार. डॉक्टरांशी बोललो, त्यांनी आजपासून डोस उतरवलाय आणि लेव्हल करायला सांगितलीय. पोटाचं विचारलं तर भाऊ लाजला. तीन दिवस झाले नव्हतं! तेही डॉक्टरांना कळवलं, त्यांनी औषध लिहून दिलं आणि दुखलं-फुगलं तर लगेच आणा म्हणाले. एक शंका राहिली. श्रावण संपला की मित्र त्याला टपरीवर नेणारच.

पंचवटी_मेडिकल
मग उलटं होणार. एन्झाइम पुन्हा जोर धरतं, लेव्हल उतरते आणि आवाज परत येऊ शकतात. गणपतीत बिडी पेटलीच तर रागवू नका, नाहीतर तो लपवेल. डॉक्टरांना मात्र त्याच दिवशी कळवा. आणि बाकी कुठल्या दुखण्यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं तर घेण्याआधी क्लोझापिन चालू असल्याचं सांगा, त्यानेही लेव्हल चढते.

नाशिकरोडची_मावशी
आणि चहा-कॉफी एकदम वाढवू नका त्याची. कॅफिननेही चढते, आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं.