गुडघे दुखू नयेत म्हणून कुठलं स्की सामान?

डेन्व्हरकर: वय ५२, ब्रेकनरिजला (कोलोरॅडोतलं स्कीइंगचं ठिकाण) उतारावरून दोन रन झाल्या की डावा गुडघा कुरकुरतो, जिना उतरताना तर आई गं. स्की-मोजो कुणी वापरलंय का?

बर्फवेडा: मी वापरतो. मांडीला पट्टे बांधायचे, खाली बुटाला अडकवायचं, गुडघा वाकला की स्प्रिंग थोडा भार घेते. लिफ्टमधे बसताना बंद करायला विसरू नका, माझी फजिती झालीय.

घसरगुंडी: आधी बाइंडिंगचं (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) डिन बघा हो, म्हणजे पडल्यावर ती किती जोरानं सुटेल तो आकडा! वजन, उंची, बुटाच्या सोलची लांबी, वय बघून लावतात, पन्नाशीनंतर आकडा एक पायरी खाली. मी हौसेनं वय ४५ सांगितलं, पडलो तर स्की सुटलीच नाही. अर्थात डिन बरोबर असलं तरी एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) वाचेलच याची गॅरंटी नाहीच.

डेन्व्हरकर: अरे देवा, मी फॉर्मवर ४८ लिहिलंय.