नाताळची सुट्टी नेमकी कुणाची? ख्रिस्ती माणसाची, की सगळ्यांची?

कृष्णाकाठ (सांगली)

आमचा पोरगा दुसरीत आहे. २३ तारखेला संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर निरोप आला : उद्या सगळ्यांनी लाल कपडे, सांताची टोपी, जमल्यास दाढी. बायकोनं मेडिकलमधून कापसाची गुंडाळी आणली आणि डिंकानं पुठ्ठ्यावर चिकटवून दाढी केली. ती वाळायच्या आत ग्रुपवर एका पालकांचा सवाल आला, "आपला सण नाही, आपल्या मुलांना कशाला?" शाळेनं उत्तर दिलं, "कार्यक्रम धार्मिक नाही, फक्त आनंदाचा आहे." मग रात्री साडेअकरापर्यंत भांडण. पोरगा दाढी उशाशी घेऊन झोपला होता.

खरं सांगतो, पालकांच्या आक्षेपापेक्षा शाळेचं उत्तर मला जास्त खटकलं. धार्मिक नाही, तर २५ तारखेची सुट्टी कशाची? राज्य सरकार परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (म्हणजे चेक-हुंड्यांचा कायदा) याच्या कलम २५ खाली दरवर्षी सुट्ट्यांची यादी काढतं. नाताळ तिथं रमजान ईद, बुद्ध पौर्णिमा, गणेश चतुर्थी यांच्या पंगतीत बसलेला आहे. ख्रिस्ती माणसाला त्या दिवशी उपासनेला जाता यावं म्हणून ती सुट्टी आहे, आणि ती तशीच राहावी असं माझं मत आहे. शाळेत सण करायचाच तर कुणाचा, कशाचा, हे मुलांना सांगून करा. येशूचं नावही न घेता नुसती टोपी चढवायची, हे मला पटत नाही.

हळदबाजार

निदान एवढं बरं की तुम्ही धार्मिक म्हणालात. मग पुढचंही बोलूया. सरकारला धर्म नसेल तर सरकारनं धर्माची सुट्टी का द्यावी? नाताळच नव्हे, एकही देऊ नये. गेली काही वर्षं आपल्या राज्याच्या यादीत २४ सुट्ट्या असतात. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, महाराष्ट्र दिन, गांधी जयंती, शिवजयंती, आंबेडकर जयंती बाजूला काढा. उरलेल्या जवळपास सगळ्या कुठल्या ना कुठल्या धर्माच्या. पारशी नववर्षाला सांगलीतली सरकारी कचेरी बंद. त्या दिवशी सातबाऱ्यासाठी जतहून आलेला शेतकरी एसटीचं भाडं भरून हात हलवत परत जातो.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येकाला वर्षाला ठराविक रजा द्या, ज्यानं त्यानं आपल्या सणाला घ्यावी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना दोन वैकल्पिक सुट्ट्या मिळतातच, त्याच वाढवा. आणि हा वाद आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत १८७० पासून नाताळ ही केंद्र सरकारची सुट्टी आहे. सिनसिनाटीच्या रिचर्ड गॅन्युलिन नावाच्या वकिलानं त्याविरुद्ध दावा लावला होता, की सरकारनं एका धर्माचा सण उचलून धरणं राज्यघटनेत बसत नाही. १९९९ मध्ये न्यायाधीश सुसान डलॉट यांनी तो फेटाळला. नाताळला धर्माबाहेरचीही बाजू आहे, बहुतेक लोक त्या दिवशी कामावर येतच नाहीत, तेव्हा सुट्टी देण्यामागं सरकारचा व्यवहारी हेतू असू शकतो, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टानंही तेच कायम केलं. म्हणजे सुट्टी टिकवायची तर सण धार्मिक नाही असं म्हणावं लागतं. तुमच्या शाळेनं वेगळं काय केलं?

पेठेतला गुमास्ता

हळदबाजार दादा, रजेचं तुमचं गणित पगारी सरकारी नोकराला जमतं. मी कापड दुकानात २२ वर्षं काउंटरवर उभा आहे, तिथलं सांगतो. २०१७ चा आपल्या राज्याचा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे. २०२५ पर्यंत दहा, आता वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. आता मिळून ठरवायच्या म्हटल्यावर काय होतं? पाडव्याला, दिवाळीला शेठजींचं स्वतःचंच दुकान बंद असतं, त्यामुळं आम्हाला तोंड उघडावं लागत नाही. आमच्यात एक ख्रिस्ती पोरगा आहे. डिसेंबरात लग्नसराईची गर्दी, त्याला नाताळची सुट्टी हात जोडून मागावी लागते. दोन वर्षं मिळाली नाही. दुपारी तीनला डबा खाताना त्यानं आम्हाला घरची करंजी दिली, तेव्हा कळलं की आज त्याचा सण.

सरकारी यादीतून नाव गेलं तर त्याला मागायला आधार तरी काय उरेल?

सातारकर

कृष्णाकाठ आणि हळदबाजार, मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. सुट्टी कुठून आली आणि आज ती काय आहे, या वेगळ्या गोष्टी आहेत. रविवार घ्या. साहेबाचा तो चर्चचा वार. पण नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवार मागितला तेव्हा हा खंडोबाचा वार आहे असं सांगितलं. १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. आमच्याकडं पालीच्या खंडोबाला रविवारी जाणाऱ्या माणसाच्या मनातही येत नाही की ही सुट्टी मुळात कुणाची. वार एकच, त्यात दोघांचे देव मावले आणि थकलेल्या माणसाची झोपही मावली. नाताळही तसाच सगळ्यांचा होत असेल तर होऊ द्या. पोरांनी टोपी घातली म्हणून कुणाचा धर्म बुडत नाही.

चवदार

२५ डिसेंबरला आमच्या घरीही दिवस पाळतात, पण वेगळा. १९२७ साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. २०१४ पासून सरकार वाजपेयींचा जन्मदिवस म्हणून सुशासन दिनही याच तारखेला करतं. एका तारखेवर किती जणांचा जीव आहे बघा. माझं एवढंच म्हणणं, कुणाचाही दिवस पुसून तिथं दुसरा लिहू नये.

मिरजेची लेक

मी ख्रिस्ती आहे, म्हणून लिहिते. मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला, त्यानंतर आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं या भागात रुजली. आजी वानलेसवाडीत राहायची. डिसेंबर लागला की आजोबा कामट्या तासून चांदणी बांधायचे, तिला पतंगाचा कागद, आत चाळीसचा बल्ब. कागद ओला असताना ताणला तर फाटतो, सैल सोडला तर सुरकुततो, म्हणून डिंक लावायचं काम त्यांनी आम्हाला कधी दिलं नाही. फराळ तोच, तुमच्या दिवाळीचा : करंज्या, चकल्या, अनारसे. रात्री गाणारी मंडळी दारोदार यायची, पेटी आणि ढोलकी घेऊन. त्यात रेव्हरंड टिळकांची भजनं असायचीच. सांताक्लॉज मी पहिल्यांदा दुकानाच्या काचेत पाहिला.

सातारकर सर, रागावू नका, पण "सगळ्यांचा होऊ द्या" हे ऐकायला जेवढं मोकळं वाटतं तेवढं ते नाही. आमचा सण हा देव माणूस होऊन गोठ्यात जन्मला याचा आहे. ते काढून टाकलं की जे उरतं ते सगळ्यांचं होतं, पण आमचं राहत नाही. हळदबाजार दादांनी कोर्टाचं सांगितलं. तसं धार्मिक नाही म्हणून सुट्टी वाचवलेली मला नको. त्यापेक्षा दादांची रजा बरी. पण गुमास्ता काकांनी सांगितलं ते आमच्या घरातही घडलंय, म्हणून रजेवरही विश्वास बसत नाही.

हळदबाजार

ताई, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण सुट्टीवाचून श्रद्धा अडत नाही, हे तुमच्याच इतिहासात आहे. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाही. १६५९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये कट्टर ख्रिस्ती लोकांनीच नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता, तो १६८१ पर्यंत चालला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ ला आली. तोवर तिथली माणसं ख्रिस्ती नव्हती का?

मिरजेची लेक

होती. पण त्यांच्याभोवतीचा सगळा गाव ख्रिस्ती होता, दादा. उपासनेला जाण्यासाठी त्यांना कुणा परक्या मालकाला विचारावं लागत नव्हतं. थोड्या माणसांचा सण यादीत असणं म्हणजे सरकारनं धर्म स्वीकारणं नव्हे. मी त्याला पारशी नववर्षाच्या सुट्टीसारखंच समजते : तुम्ही इथले आहात, आम्हाला माहीत आहे, एवढा तो निरोप.

आई नर्स होती. लक्ष्मीपूजनाची नाइट ती आणि तिच्या ख्रिस्ती मैत्रिणी मागून घ्यायच्या. २४ डिसेंबरची नाइट बाकीच्या घ्यायच्या. वॉर्ड एक दिवसही बंद नव्हता. म्हणून सुट्टी म्हणजे सगळं बंद ठेवणं, असं मी मानत नाही. जतहून आलेल्या शेतकऱ्यासाठी त्या दिवशी कचेरीत दोन माणसं बसवा, माझी हरकत नाही.

हळदबाजार

हे मला चालेल. कचेरी उघडी, आणि ज्याचा सण त्याला हक्काची सुट्टी. पण मग ती यादीतली सार्वजनिक सुट्टी राहत नाही, रजाच होते. माझा मुद्दा तिथंच आहे.

पेठेतला गुमास्ता

हक्काची म्हणजे मालकाला नाही म्हणता येणार नाही अशी ना? तसा कायदा आणा, मी तुमच्या बाजूनं सही करतो. तोवर यादीला हात लावू नका.

कृष्णाकाठ

मिरजेच्या ताई, पुढच्या वर्षी २४ ला आमच्या शाळेत याल का? बाईंशी मी बोलतो. मुलांना चांदणी बांधून दाखवा, आणि ती कशासाठी बांधतात तेही सांगा. ग्रुपवर ज्या पालकांनी आक्षेप घेतला, त्यांनाही बोलावणार आहे.

मिरजेची लेक

येईन. कामट्या मी आणते, पतंगाचा कागद तुम्ही आणा. पिवळा आणि लाल, आणि दोन जास्तीचे. मुलांच्या हातून फाटणारच.