झाडं एकमेकांना जेवू घालतात, हे मुलांना शिकवायचं का?

कातळफूल (धागाकर्ती)

हल्ली कुठल्याही निसर्गफेरीला जा, एक गोष्ट हमखास कानावर पडते. जमिनीखाली बुरशीच्या धाग्यांचं जाळं असतं, त्यातून मोठी 'आई' झाडं आपल्या पिल्लांना साखर धाडतात, कीड आली की शेजाऱ्यांना निरोप देतात, मरताना उरलंसुरलं वाटून टाकतात. गोष्ट गोड आहे. पण ती विज्ञान म्हणून सांगणं आता थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिचं मूळ १९९७ सालच्या एका प्रयोगात आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी भूर्ज आणि डग्लस फर यांच्या रोपांना कार्बनचे दोन वेगवेगळे ओळखू येणारे प्रकार दिले आणि कुणाचा कार्बन कुणाकडे गेला ते मोजलं. फरला दिल्यापेक्षा जास्त मिळालं, सावलीत तर आणखी. 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाने ते मुखपृष्ठावर छापलं आणि 'वुड वाइड वेब' हे नाव जगभर झालं. पण त्याच प्रयोगात शेजारी सीडरची रोपंही होती. त्यांची बुरशी वेगळ्या जातकुळीची, म्हणजे त्या जाळ्यात ती नव्हतीच. तरी थोडा कार्बन त्यांच्याकडेही पोचला. म्हणजे काही माल नुसत्या मातीतून गेला.

२०२३ मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा यांनी या विषयावरचे जंगलातले प्रयोग पुन्हा तपासले. मोठं झाड जाळ्यातून आपल्याच रोपांना झुकतं माप देतं, याचा प्रत्यक्ष जंगलातला पुरावा त्यांना एकही सापडला नाही. यातल्या मेलनी जोन्स १९९७ च्या शोधनिबंधाच्या सहलेखिका आहेत, त्यामुळे 'बाहेरच्यांची पोटदुखी' म्हणून हे झटकता येत नाही.

रानवाट

मुलांना फिरवायचं काम मीच करते, तेव्हा हा दगड माझ्याच अंगणात आला म्हणायचा! ताई, तुम्ही सोयीचं तेवढं मांडलंत. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये चाळीस मीटर उंच स्प्रूसना क्रेन लावून खुणेचा कार्बन दिला, तो शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांच्या मुळांत निघाला. हेक्टरी वर्षाला सुमारे २८० किलो देवाणघेवाण होते असा तिथल्या संशोधकांचा हिशोब आहे. ही रोपं नव्हती, पूर्ण वाढलेलं जंगल होतं.

आणि लांब कशाला, आपल्या पश्चिम घाटात पावसाळ्यात बिनपानांचं, फिकट ऑर्किड उगवतं, एपिपोजियम रोझियम. हरितद्रव्याचा पत्ता नाही. ते काय हवा खाऊन जगतं? बुरशीमार्फत झाडांचंच खातं ना?

वाळवीचं घर

रानवाट, ऑर्किडचं उदाहरण उलटलं तुमच्यावर. एपिपोजियमच्या मुळाशी असते ती कुजकं लाकूड, पाचोळा खाणारी बुरशी. जिवंत झाडाशी तिचं नातं नाही. तुम्हाला हवंय ते हिमालयातलं मोनोट्रोपा. पांढरंफटक, आणि ते खरोखर झाडाची साखर बुरशीमार्फत ओढतं. पण ते देणं नव्हे, फुकटेगिरी आहे. झाडाला कुणी विचारत नाही.

दुसरं असं की ते सगळे प्रयोग थंड प्रदेशातल्या अशा झाडांवरचे, ज्यांची बुरशी मुळाला बाहेरून मोज्यासारखी गुंडाळते. सह्याद्रीतल्या बहुतेक झाडांची बुरशी थेट मुळाच्या पेशीत शिरते. तिकडचं चित्र उचलून इकडे चिकटवता येत नाही.

हलकी_रान (मंगळवेढा)

मोठ्या माणसांचं चाललंय, मधे तोंड घालतो. ज्वारीवाला आहे.

आमच्याकडे टारफुला आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पांढऱ्या फुलाचं वीतभर झुडूप, दिसायला गरीब. अलगद उकरून बघा. जमिनीखालचा दांडा पांढरा, त्यावर खवल्यासारखी पानं, आणि खाली त्याचं मूळ ज्वारीच्या मुळाला जोडलेलं. ओढलं तर तुटतं, सुटत नाही. वर दिसेपर्यंत त्याने खालच्या खाली काम केलेलं असतं. रानात ओल असताना ज्वारी पाणी मागितल्यासारखी मान टाकते, तेव्हाच समजायचं.

त्याचं बी धुळीएवढं, वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. उगवतं कधी? जवळ मूळ आल्याचं कळलं की. कळतं कसं, तर मुळातून एक द्रव्य झिरपतं. १९६६ साली ते कापसाच्या मुळांतून वेगळं काढलं. पुढची चाळीसेक वर्षं कोडं हेच होतं, की आपल्याच वैऱ्याला जागं करणारी वस्तू झाड बनवतं कशाला. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की त्याच द्रव्याने बुरशीच्या धाग्यांना फाटे फुटतात. मूळ बोलावतं बुरशीला, स्फुरद (फॉस्फरस) आणून दे म्हणून, आणि ते ऐकून दारात उभा राहतो टारफुला. रानात स्फुरद कमी तेवढी हाक मोठी. म्हणून हलक्या, उपाशी जमिनीत हा जास्त.

आता यात माया कुठे आहे मला दाखवा.

रानवाट

दादा, झकास लिहिलंत. पण 'बोलावतं', 'हाक', 'ऐकून', हे शब्द कुणाचे? मी 'आई' म्हटलं तर अवैज्ञानिक, तुम्ही 'हाक' म्हटलं तर चालतं?

कातळफूल

चालतं, कारण त्यांच्या हाकेमागे ओळखलेलं द्रव्य आहे आणि ते कोण कोण ओळखतं हे दाखवलेलं आहे. तुमच्या आईमागे काय आहे? स्विस प्रयोगाचं म्हणाल तर कार्बन मुळांत पोचला एवढंच कळलं. त्यावर ते झाड वाढलं, तगलं, हे त्यातून ठरत नाही. आणि कुणी मुद्दाम पाठवला हे तर नाहीच नाही.

रानवाट

मग मुलांपुढे काय ठेवायचं, शोधनिबंध? देवराया कशावर टिकल्या? फांदी तोडली तर देव कोपेल, या गोष्टीवर. पुरावा कुणी मागितला नाही म्हणूनच आज तुम्हाला तिथे बुरशी शोधायला जागा उरली आहे.

वाळवीचं घर

हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. फरक एवढाच की देवाच्या नावाने सांगितलेली गोष्ट कुणी खोटी पाडायला बसलं नाही. विज्ञानाच्या नावाने सांगितलेली पडते, आणि पडली की मुलगा विचारतो, बाकीचं तरी खरं कशावरून?

शिवाय खरी गोष्ट काय कमी रंगते? पहिल्या पावसानंतर वारुळावर अळंबी येते ना, गोव्यात रोंय ओळमी म्हणतात ती. वाळवी आत पालापाचोळ्याची शेती करते, त्यावर ही बुरशी पोसते आणि स्वतः तिच्यावर जगते. मुलांना वारुळापाशी उभं करा. आई-बाळ आणायची गरज पडणार नाही.

हलकी_रान

ते ठीक. माझा प्रश्न राहिलाच. दुकानदार मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी राहणाऱ्या या बुरशीची, पुडी गळ्यात मारतोय, 'मुळांचं इंटरनेट' छापलंय वर. कांदा आणि पालक दोन्ही आहे. टाकू का?

वाळवीचं घर

पालकाला अजिबात नको, त्याच्या कुळाच्या मुळांना ही बुरशी लागत नाही. कोबी, मोहरीचंही तेच. कांद्याची मुळं जाड, विरळ, केस नसल्यातच जमा, म्हणून त्याला या बुरशीची फार गरज असते. पण लागणीला डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, दाबून देणार असाल तर पुडीचे पैसे वाचवा. आयता स्फुरद मिळाला की मूळ बुरशीला उभं करत नाही. आधी माती तपासा, आणि टाकायचीच तर दोन वाफे मोकळे ठेवा, म्हणजे फरक तुमचा तुम्हाला दिसेल.